लहान मुलांचे स्वभाव : पालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही प्रश्नोत्तरं जन्मापासून साधारण सहा वर्षांपर्यंतच्या मुलांविषयी आहेत. प्रश्न पालकांच्याच शब्दांत ठेवले आहेत, म्हणून ‘हट्टी’, ‘घुमी’, ‘रडूबाई’ असले शब्द त्यांत सापडतील. उत्तरांत ते होता होईल तो टाळले आहेत. का, ते पुढे येईलच.

एवढ्याशा बाळाला कसला आलाय स्वभाव?

असतो. घरात दुसरं मूल आलं की हे कोणी पटवून द्यावं लागत नाही. एक बाळ भूक लागली की आधी कुरकुरतं, मग रडतं. दुसरं पहिल्याच क्षणी घर डोक्यावर घेतं. हार्वर्डचे मानसशास्त्रज्ञ जेरोम केगन यांनी चार महिन्यांच्या बाळांसमोर नवी खेळणी हलवली, अनोळखी आवाज ऐकवले, नवे वास दिले. साधारण २० टक्के बाळं हातपाय जोरात झाडून रडायला लागायची. साधारण ४० टक्के बाळं निवांत पडून बघत राहायची. बाकीची या दोहोंच्या मध्ये कुठेतरी. पहिल्या गटातली बरीच मुलं दुसऱ्या वर्षी अनोळखी माणूस किंवा वस्तू समोर आली की बिचकणारी निघाली.

बाळाजवळ जे असतं त्याला पिंड म्हणावं; व्यक्तिमत्त्व त्यावर हळूहळू घडत जातं. किती लवकर घाबरतं, किती जोरात व्यक्त होतं, किती हालचाल करतं, हे पिंडाचं काम. प्रामाणिकपणा, आत्मविश्वास, दुसऱ्याची कदर या गोष्टी त्यात आधीपासून भरलेल्या नसतात. म्हणून तीन वर्षांच्या मुलाला ‘स्वार्थी’ म्हणण्यात अर्थ नाही. त्या वयात खेळणं घट्ट धरून ठेवणं हे वयाचं लक्षण आहे.

मुलांचे स्वभाव नेमके किती प्रकारचे असतात?

सर्वांत जास्त सांगितली जाणारी विभागणी अलेक्झांडर थॉमस आणि स्टेला चेस या मनोविकारतज्ज्ञ दांपत्याची. त्यांनी १९५६ मध्ये न्यूयॉर्कमध्ये अभ्यास सुरू केला आणि सुमारे १३० मुलांचा तान्हेपणापासून मोठेपणापर्यंत मागोवा घेतला. तो काळ असा होता की मुलाचं काहीही बिनसलं की बोट आईकडे वळायचं. या दोघांना ते पटत नव्हतं.

त्यांना ढोबळमानाने तीन गट दिसले. जवळपास ४० टक्के मुलं सहज जुळवून घेणारी: झोप-भूक वेळच्या वेळी, नव्या गोष्टीला फारसा विरोध नाही. १० टक्के मुलांचं सगळंच तीव्र: वेळा अनियमित, बदल नकोसा, रडणं आणि हसणं दोन्ही जोरात. १५ टक्के मुलं हळूहळू खुलणारी: आधी मागे सरतात, वेळ मिळाला की सामील होतात.

बेरीज केलीत तर ती ६५ होते. उरलेली ३५ टक्के मुलं कुठल्याच गटात बसली नाहीत. मला या अभ्यासातला सर्वांत मोलाचा आकडा हाच वाटतो. ज्यांनी हे प्रकार मांडले त्यांनाच एक तृतीयांश मुलं त्यांत बसवता आली नाहीत आणि त्यांनी ती ओढूनताणून बसवली नाहीत.

पुढे मानसशास्त्रज्ञ मेरी रॉथबार्ट यांनी मुलांना गटांत टाकण्यापेक्षा तीन गोष्टी प्रत्येक मुलात कमी-जास्त प्रमाणात पाहायला सुचवलं: उत्साह आणि पुढे सरसावण्याची वृत्ती, भीती-राग-चिडचिड लवकर येण्याची प्रवृत्ती, आणि स्वतःला आवरण्याची क्षमता. रोजच्या वापराला ही पद्धत अधिक कामाची आहे.

माझं मूल कसं आहे हे ओळखायचं कसं?

प्रकाराचं नाव शोधू नका, प्रसंग बघा. थॉमस-चेस यांनी नऊ अंगं सांगितली होती, ती साध्या प्रश्नांत अशी येतात. दिवसभरात हालचाल किती? झोप, भूक, शी यांच्या वेळा अंदाजाने सांगता येतात का? नवं माणूस किंवा नवी जागा दिसली की पहिलं पाऊल पुढे पडतं की मागे? त्या पहिल्या पावलानंतर रुळायला किती वेळ लागतो? किती बारीक आवाज, प्रकाश, कपड्याची शिवण टोचते? आनंद आणि राग किती जोरात बाहेर येतात? एरवीची मनःस्थिती बहुतेक वेळा खुशीत की किरकिरी? एका गोष्टीवरून दुसरीकडे लक्ष सहज वळवता येतं का? आणि जमत नसलेलं काम किती वेळ लावून धरतं?

पहिलं पाऊल आणि रुळण्याचा वेळ यांची लोक हमखास गल्लत करतात. काही मुलं पहिल्या दिवशी ठाम नकार देतात आणि तिसऱ्या दिवशी तिथून निघायला तयार नसतात. त्यांना ‘बुजरी’ ठरवून दुसऱ्याच दिवशी माघारी आणलं, तर तिसरा दिवस उजाडतच नाही.

एक-दोन आठवडे थोडक्यात टिपणं ठेवा. मूल आजारी असेल, घर बदललं असेल, नुकतंच धाकटं भावंड आलं असेल, तर ते दिवस धरू नका. आणि मुलाला सांभाळणाऱ्या दुसऱ्या माणसालाही वेगळं विचारा. दोघांची उत्तरं जुळली नाहीत तर त्यातही माहिती असते: मूल कोणाजवळ कसं वागतं याची.

ऑनलाइन चाचणी, सोळा व्यक्तिमत्त्व प्रकार, बोटांच्या ठशांवरून कल… यातलं काय करून घ्यावं?

काहीच नाही. सोळा प्रकारांची प्रसिद्ध चाचणी मोठ्या माणसांनी स्वतःविषयी उत्तरं द्यावीत अशी रचलेली आहे. चार वर्षांच्या मुलाच्या वतीने ती आईबाबांनी भरली की निकाल आईबाबांविषयीच जास्त सांगतो. बोटांचे ठसे गर्भातच तयार होतात, हे खरं. त्यांवरून स्वभाव, बुद्धी किंवा करिअर कळतं, याला शास्त्रीय आधार नाही. अहवाल कितीही गुळगुळीत कागदावर छापलेला असला तरी.

हे आमच्याकडून आलं की आमच्या वागण्याने झालं?

दोन्हीचा वाटा असतो. जुळ्या भावंडांच्या अभ्यासांत स्वभावातल्या फरकांपैकी साधारण २० ते ६० टक्के फरकाचा संबंध अनुवंशिकतेशी लागतो. पण हा आकडा लोकसमूहातल्या फरकांविषयी असतो. ‘माझ्या मुलीचा राग ४० टक्के तिच्या वडिलांकडून आला’ असा हिशेब त्यातून निघत नाही. कोणतंही एकच जनुक ‘लाजरेपणाचं’ नसतं.

शिवाय वागणं दोन्ही बाजूंनी चालतं. मुलाच्या पिंडामुळे पालक बदलतात. सतत रडणाऱ्या बाळाची आई थकते, थकलेली आई तुटक बोलते, बाळ आणखी रडतं. यात सुरुवात कोणी केली हे शोधण्यापेक्षा आईला दोन तास झोप कशी मिळेल ते बघणं जास्त उपयोगाचं.

‘मुलाचे पाय पाळण्यात दिसतात’ हे खरं का?

थोडंसं. न्यूझीलंडमधल्या ड्युनेडिन शहरात १९७२-७३ साली जन्मलेल्या १,०३७ मुलांचा अभ्यास गेली अनेक दशकं चालू आहे. तीन वर्षांची असताना त्यांचं वागणं नोंदवलं होतं. २६व्या वर्षी पाहिलं तेव्हा लहानपणी स्वतःला आवरू न शकणाऱ्या, अस्वस्थ मुलांमध्ये पुढेही चिडचिड आणि ताण जास्त आढळला. लहानपणी बिचकणारी मुलं मोठेपणी जास्त जपून वागणारी, कमी पुढे येणारी होती. मात्र हे धागे गटाच्या सरासरीत दिसतात. एकेका मुलाचं भविष्य त्यावरून वर्तवता येत नाही.

केगन यांच्या अभ्यासातही हेच दिसतं. चार महिन्यांची असताना हातपाय झाडून रडणारी सगळी मुलं काही पुढे भित्री झाली नाहीत. पुष्कळशी मध्यावर आली. अगदी बिनधास्त, कशालाच न बिचकणारी मात्र त्यांतली फार थोडी झाली. म्हणजे पिंडाने एक पट्टा आखून दिला. त्या पट्ट्यात मूल कुठे स्थिरावेल यावर घर, शाळा, अनुभव यांचा पुष्कळ परिणाम होतो.

मग पालकांनी करायचं काय? स्वभाव बदलायचा की आहे तसा सोडायचा?

थॉमस आणि चेस यांना सर्वांत महत्त्वाचं जे सापडलं ते प्रकारांहून वेगळं होतं. ‘अवघड’, म्हणजे सगळंच तीव्र असलेल्या गटातली सगळी मुलं पुढे अडचणीत आली नाहीत आणि ‘सोप्या’, सहज जुळवून घेणाऱ्या गटातलीही काही आली. फरक पडला तो मेळ बसण्याने. मुलाचा पिंड आणि भोवतालच्या माणसांच्या अपेक्षा यांचा मेळ बसला तर मूल बहरतं. बसला नाही तर तोच पिंड तक्रारीचा विषय होतो.

सतत धावणारं मूल मोकळ्या अंगणाच्या घरात ‘उत्साही’ ठरतं आणि दोन खोल्यांच्या, पातळ भिंतींच्या घरात ‘द्वाड’. मूल तेच. हळू रुळणारी मुलगी घाई नसलेल्या घरात कोणाच्या लक्षातही येत नाही. जिथे रोज सकाळी पंधरा मिनिटांत सगळं उरकायचं असतं तिथे रोज भांडण होतं.

समाज बदलला तरी मेळ बदलतो. मानसशास्त्रज्ञ शिनयिन चेन आणि सहकाऱ्यांनी शांघायमधल्या शाळकरी मुलांचा १९९०, १९९८ आणि २००२ असा तीन वेळा अभ्यास केला. १९९० मध्ये लाजरी, संयत मुलं वर्गात आवडती होती, शिक्षकही त्यांना चांगलं म्हणायचे. २००२ पर्यंत बाजारपेठ आणि स्पर्धा वाढली होती, आणि तशाच मुलांना सवंगडी टाळू लागले होते. बारा वर्षांत मुलांचा पिंड बदलत नाही. काय चांगलं मानायचं ते बदललं.

तेव्हा ‘बदलायचं की सोडायचं’ हा प्रश्नच थोडा चुकलेला आहे. आधी मेळ कुठे बसत नाही ते शोधायचं. वेळापत्रक, जागा, आपली अपेक्षा, आपला आवाज यांतलं जे बदलता येईल ते बदलायचं. मग मुलाला, त्याला झेपेल अशा पायऱ्यांनी, नवं कौशल्य शिकवायचं. हा क्रम उलटा झाला की कटकटी वाढतात.

आमची मुलगी फार घुमी आहे. कोणी आलं की मागे लपते. तिला धीट कसं करायचं?

आधी एक बघा: लोकांत मिसळावंसं वाटतं पण भीती वाटते, की एकटं खेळण्यातच मजा वाटते? पहिल्याला मदत लागते. दुसऱ्याला बहुतेक वेळा फक्त मोकळीक लागते. एक मैत्रीण असलेली, तासन् तास चित्रं काढणारी, आनंदी मुलगी ही समस्या नाही.

भीती वाटणाऱ्या मुलांबाबत पालक दोन टोकं गाठतात. एक, पुढे ढकलणं: “बोल ना! नाव सांग! मुकी आहेस का?” दुसरं, सुटका करणं: तिच्या वतीने सगळी उत्तरं देणं, रडू लागली की लगेच घरी नेणं. दुसरं टोक प्रेमळ दिसतं, म्हणून जास्त फसवं. दर वेळी माघार घेतली की मुलीच्या मनात पक्कं होतं की तिथे खरंच काहीतरी धोका होता. केगन यांच्या सहकारी डोरीन आर्कस यांना असं आढळलं होतं की लवकर बिचकणाऱ्या बाळांपैकी ज्यांच्या आया वयाला साजेशा मर्यादा ठामपणे घालत होत्या आणि प्रत्येक कुरबुरीला धावून जात नव्हत्या, ती बाळं पुढे कमी भित्री झाली.

प्रत्यक्षात हे असं करता येतं. समारंभाला लवकर पोचा. भरलेल्या खोलीत शिरण्यापेक्षा हळूहळू भरत जाणाऱ्या खोलीत बसणं सोपं असतं. तिथे कोण असेल, किती वेळ थांबायचं, हे आधी सांगा. सुरुवातीला कडेला उभं राहून बघू द्या. बघणं हाही सहभागच आहे. नमस्कार म्हणायला जमत नसेल तर हात हलवणं चालेल, असं ठरवा, पण काहीच न करता पळणं नाही. कोणी प्रश्न विचारला तर मनात पाचपर्यंत अंक मोजा आणि मगच तोंड उघडा. त्या पाच अंकांत पुष्कळ मुलं उत्तर देतात. एरवी त्यांना संधीच मिळत नाही. गटापेक्षा आधी एकाच मुलाला घरी खेळायला बोलवा.

तिच्या देखत “आमची जरा लाजाळूच आहे” हे म्हणणं मात्र बंद. त्याऐवजी “तिला थोडा वेळ लागतो, मग येते” असं म्हणा. पहिल्या वाक्याने तिच्यावर शिक्का बसतो. दुसऱ्याने पुढे काय करायचं ते तिला आणि पाहुण्यांना, दोघांनाही कळतं.

मुलगा अतिशय हट्टी आहे. जमिनीवर लोळण घेतो. लाडाने बिघडलाय का?

एक ते चार या वयात आकांडतांडव बहुतेक घरांत होतं. इच्छा मोठ्या, शब्द कमी, आणि स्वतःला आवरणारा मेंदूचा पुढचा भाग जेमतेम कामाला लागलेला. तो भाग पुरता पक्व व्हायला विशीचा मध्य उजाडतो.

‘हट्टी’ या एका शब्दात तीन वेगळ्या गोष्टी कोंबलेल्या असतात. एका मुलाचा आवाज मोठा असतो, पण पाच मिनिटांत विसरतं. दुसरं ओरडत नाही, पण सोडतही नाही. तिसऱ्याला मागणीशी काही घेणंदेणं नसतं. चालू असलेलं काम अचानक थांबवलं की ते कोसळतं. तिघांवर उपाय वेगळे.

तिसऱ्यापासून सुरू करतो, कारण तो सर्वांत सोपा आहे आणि सर्वांत कमी केला जातो. “आणखी दोन वेळा घसरगुंडी, मग घरी” असं मोजता येईल असं सांगा. “पाच मिनिटांत निघू” याचा तीन वर्षांच्या मुलाला बोध होत नाही. रोजचा क्रम चित्रांनी भिंतीवर लावा.

चिकाटी असलेल्या मुलाला दोन पर्याय द्या, दोन्ही तुम्हाला चालणारे: “आधी दात की आधी कपडे?” आणि ‘नाही’ थोडे ठेवा. दिवसातून चाळीस वेळा नाही म्हणून त्यातले पंधरा मागे घेण्यापेक्षा दहाच म्हणा आणि दहाही पाळा. अर्ध्या तासाच्या रडण्यानंतर कधीतरी मिळतं, हे कळलेलं मूल अर्धा तास रडायला तयार असतं. कधी मिळतं, कधी नाही, यानेच सवय सर्वांत घट्ट होते. जे द्यायचंच आहे ते रडण्याआधी द्या.

आवाज मोठा असेल तर तुमचा लहान करा. वादळ चालू असताना उपदेश नको; ते ऐकण्याच्या स्थितीत नसतं. इजा होणार नाही एवढं पाहा, जवळ बसा, थोडं बोला: “राग आलाय. मी इथे आहे. मारायचं नाही.” शांत झाल्यावर दोन वाक्यांत विषय संपवा. रात्री बाबा आल्यावर पुन्हा खटला भरवू नका.

आणि हो, हीच चिकाटी पंचविसाव्या वर्षी दिसली की आपण कौतुक करतो.

रडणं थांबवायला मोबाइल दिला तर?

कधीतरी, दवाखान्यात सुई टोचताना, दिलात म्हणून आभाळ कोसळत नाही. पण शांत करण्याचं ठरलेलं साधन तो होऊ नये. बालरोगतज्ज्ञ जेनी रॅडेस्की आणि सहकाऱ्यांनी तीन ते पाच वर्षांच्या मुलांच्या अभ्यासात पाहिलं की शांत करण्यासाठी वारंवार स्क्रीन देण्याचा संबंध पुढच्या महिन्यांतल्या वाढत्या भावनिक उद्रेकांशी होता, आणि तो मुलग्यांमध्ये व मुळातच उसळत्या पिंडाच्या मुलांमध्ये जास्त ठळक होता. पंचाईत अशी की मोबाइल सर्वांत जास्त याच मुलांच्या हातात दिला जातो.

एका जागी बसत नाही. अतिचंचल असेल का?

तीन वर्षांचं मूल एका जागी बसत नसेल तर ते तीन वर्षांचं आहे. या वयात चळवळेपणावरून निदान करण्याची घाई तज्ज्ञही करत नाहीत. साधारण चार वर्षांनंतर, लक्षणं किमान सहा महिने टिकलेली आणि घर व शाळा अशा एकाहून जास्त ठिकाणी दिसत असतील तरच तो विचार होतो.

चळवळ्या मुलाला बसायचं काम देण्याआधी हलायचं काम द्या: उड्या, जिने, जड पिशवी ओढणं, भिंतीला रेटा देणं. गोष्ट ऐकताना हातात काहीतरी असू द्या. हात चालू असताना कान बंद असतात असं नाही. शिक्षा म्हणून मैदान बंद करणं ही मात्र स्वतःच्याच पायावर मारलेली कुऱ्हाड आहे.

कपड्याचं लेबल टोचतं, मिक्सरचा आवाज नको, कोणी जोरात बोललं की रडू. इतकं हळवं कसं चालेल?

चालतं. ते नाटक नाही. त्याला खरंच जास्त टोचतं. लेबल कापा, मिक्सर लावण्याआधी सांगा, गर्दीच्या दिवसात मध्येच एक शांत कोपरा ठरवून ठेवा.

या मुलांविषयीचं संशोधन गेल्या काही दशकांत पालकांना धीर देणाऱ्या दिशेला गेलं आहे. आधी समज असा होता की अशी मुलं नाजूक असतात, वाईट परिस्थितीत लवकर मोडतात, बस्स. मानसशास्त्रज्ञ जे बेल्स्की यांनी १९९७ मध्ये वेगळी शक्यता मांडली: जी मुलं वाईट वातावरणाने जास्त पोळतात तीच चांगल्या वातावरणाने जास्त फुलतात. थॉमस बॉईस आणि ब्रूस एलिस यांनी २००५ मध्ये अशा मुलांना जपावं लागणाऱ्या ऑर्किडची आणि कुठेही तग धरणाऱ्यांना डँडेलियन या रानफुलाची उपमा दिली. उपमा लोकप्रिय झाली, पण मुलांचे दोनच वर्ग नसतात. बहुतेक मधल्या पायऱ्यांवर असतात. मूळ मुद्दा मात्र टिकून आहे. हळव्या मुलावर घेतलेली मेहनत वाया जात नाही. उलट तिचा परिणाम जास्त दिसतो.

आमचं मूल गुणी आहे, काहीच त्रास नाही. मग वाचायचं काय?

हे उत्तर नक्की वाचा. त्रास न देणारं मूल घरात सहज दुर्लक्षित होतं, विशेषतः भावंड तीव्र पिंडाचं असेल तर. ‘ते समजूतदार आहे’ म्हणून खेळणं त्यानेच सोडायचं, थांबायचंही त्यानेच. काही मुलं मग मागणंच बंद करतात. त्याच्यासाठी दिवसातली पंधरा-वीस मिनिटं राखून ठेवा, आणि त्यात खेळ त्याने निवडायचा. अधूनमधून विचारा, “तुला आज काय आवडलं नाही?” नुसतं ‘काय आवडलं’ विचारलं की असं मूल तुम्हाला आवडेल तेच सांगतं.

शिस्त सगळ्या मुलांना सारखीच हवी ना? नाहीतर अन्याय होईल.

नियम सारखे, रीत वेगळी. मानसशास्त्रज्ञ ग्राझिना कोचान्स्का यांनी लहान मुलांमध्ये सदसद्विवेक कसा रुजतो याचा अभ्यास केला. भित्र्या पिंडाच्या मुलांना हळुवार शब्दांत समजावलं तर नियम मनात उतरतो. ओरडलं तर भीती एवढी वाढते की नियम ऐकूच येत नाही. निडर मुलांबाबत हळुवारपणाचा वेगळा परिणाम दिसला नाही, आणि कठोरपणाचाही नाही. त्यांच्यात नियम रुजला तो आईशी असलेल्या उबदार, एकमेकांचं ऐकण्याच्या नात्यातून. शिक्षेची धास्ती नसलेल्या मुलाला शिक्षा वाढवून काय मिळणार? त्याला तुमच्याशी खेळायचं असतं, तुमची मर्जी हवी असते. तिथून सुरुवात होते.

मारणं कुठल्याच पिंडाला मानवत नाही.

एकाच घरात वाढलेली दोन मुलं इतकी वेगळी कशी? थोरलं-धाकटं असण्याचा परिणाम का?

सख्ख्या भावंडांत सरासरी निम्मीच अनुवंशिक विविधता सामाईक असते, आणि ‘एकच घर’ही दोघांना एकसारखं मिळत नाही. थोरल्याला नवखे पालक मिळाले, धाकट्याला सरावलेले.

जन्मक्रमाची गोष्ट मात्र लोकांना फार आवडते: थोरलं जबाबदार, मधलं दुर्लक्षित, शेंडेफळ लाडोबा. मनोविकारतज्ज्ञ आल्फ्रेड अॅडलर यांच्यापासून ती चालत आली आहे. २०१५ मध्ये जर्मन संशोधकांनी अमेरिका, ब्रिटन आणि जर्मनीतल्या २०,००० हून अधिक लोकांची माहिती तपासली, तेव्हा बहिर्मुखता, भावनिक स्थैर्य, मनमिळाऊपणा, कर्तव्यदक्षता यांवर जन्मक्रमाचा म्हणण्यासारखा परिणाम सापडला नाही. आपल्याला तो दिसतो, कारण थोरलं नेहमी वयानेही मोठं असतं.

पालक स्वतःही फरक फुगवतात. एक ‘शांत’ ठरलं की दुसरं आपोआप ‘दंगेखोर’ ठरतं, मग ते शेजारच्या मुलांपेक्षा शांत का असेना.

मुलगे दांडगे आणि मुली शांत, हे नैसर्गिकच ना?

सरासरीत स्वतःला आवरण्याची क्षमता लहान मुलींमध्ये जास्त दिसते आणि हालचाल मुलग्यांमध्ये थोडी जास्त. रागाच्या किंवा चिडचिडीच्या प्रवृत्तीत मात्र जवळपास फरक नाही. दोन मुलींमधला फरक मुलगा-मुलगी यांच्यातल्या सरासरी फरकापेक्षा कितीतरी मोठा असू शकतो. त्यामुळे दांडगी मुलगी आणि हळवा मुलगा दोघंही अगदी नेहमीची मुलं आहेत. त्यांना ऐकून मात्र जास्त घ्यावं लागतं.

मी गप्पिष्ट, मूल अबोल. मला त्याच्याशी जमतच नाही.

हे कबूल करणं चांगलं. उलट पिंडाचं मूल आपल्याला चुकीचं वाटतं, आणि आपल्यासारखंच असलेलं मूल कधी कधी त्याहून जास्त खुपतं, कारण आपल्याला लहानपणी ज्यावरून बोलणी खावी लागली तेच त्याच्यात दिसतं. घरातल्या ज्या माणसाचा पिंड मुलाशी जुळतो त्याला दुभाषा करा: “तो असा गप्प बसतो तेव्हा त्याच्या मनात काय चालू असतं?” आजोबा किंवा मावशी याचं उत्तर एका वाक्यात देऊन जातात.

अबोल मुलाशी समोरासमोर बसून प्रश्न विचारू नका. शेजारी बसून काहीतरी करा. बोलणं आलं तर आलं.

बालवाडीत बाई म्हणतात ‘किती शहाणा’, आणि घरी आला की तमाशा. कोणतं रूप खरं?

दोन्ही. दिवसभर स्वतःला आवरून धरलेलं मूल जिथे सुरक्षित वाटतं तिथे सैल सोडतं. घरी आल्यावर अर्धा तास प्रश्न नकोत, सूचना नकोत. थोडं खाणं, पाणी, शांतता किंवा धावपळ, जे त्याला मानवेल ते. ‘आज काय शिकलास?’ झोपताना विचारलं तरी चालतं.

‘हा पिंडच आहे’ म्हणून थांबायचं कुठपर्यंत? तज्ज्ञांकडे कधी जावं?

काही गोष्टी स्वभावाच्या खात्यात टाकू नयेत. बाळ बारा महिन्यांचं होऊनही नावाने हाक मारल्यावर वळत नाही किंवा बडबड-हातवारे करत नाही. सोळा महिन्यांपर्यंत एकही शब्द नाही. अठरा महिन्यांपर्यंत बोटाने दाखवत नाही. दोन वर्षांपर्यंत स्वतःहून दोन शब्द जोडत नाही: यांपैकी काहीही असेल तर बालरोगतज्ज्ञांना भेटा, ऐकू येण्याची तपासणीही करून घ्या. आधी येत असलेले शब्द किंवा कौशल्यं कोणत्याही वयात नाहीशी होत असतील तर थांबूच नका. ‘मुलगे उशिराच बोलतात’, ‘त्याचे बाबाही असेच होते’ हे ऐकून वर्ष वाया घालवलेले पालक पुष्कळ असतात.

घरी व्यवस्थित बोलणारं मूल शाळेत, सुरुवातीचा महिना सोडल्यानंतरही, महिनाभराहून जास्त काळ अजिबात बोलत नसेल तर त्याला लाजरेपणा समजू नका. त्यावर परिणामकारक उपचार आहेत. स्वतःला किंवा दुसऱ्याला वारंवार इजा करणं, पाच वर्षांनंतरही रोजचे दीर्घ उद्रेक, झोप-खाणं बिघडवणारी भीती, किंवा मोठ्या बदलानंतर स्वभाव अचानक पालटणं, यांसाठीही बालमानसतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. आणि मूल ठीक असून तुम्हीच टेकीला आला असाल, तर तेही जायला पुरेसं कारण आहे.

जाताना सोबत काय न्यावं?

दोन आठवड्यांची टिपणं: काय झालं, त्याआधी काय चाललं होतं, किती वेळ टिकलं, कशाने थांबलं. शक्य असेल तर घरातल्या प्रसंगाचे एक-दोन छोटे व्हिडिओ, कारण तपासणीच्या खोलीत मूल बहुधा अगदी वेगळं वागतं. बालवाडीच्या बाईंचं चार ओळींचं निरीक्षण. आणि मुलाला काय आवडतं, कशात ते रमतं, याचीही नोंद; ती पहिल्याच पानावर असू द्या. चर्चा शक्यतो मुलाच्या माघारी व्हावी, म्हणून त्याच्याशी बाहेर खेळायला घरातलं एक माणूस बरोबर न्या.